टिकलेली गिऱ्हाइकं

एडिनबरा, मार्च. चौथ्या मजल्यावर हीटर खोकतोय.
फर्गस ऑल्डने फाइल टाकली टेबलावर:
"शिक्षकांच्या पेन्शनचा पैसा आहे, मॉर्व्हेन.
घालायचा की नाही, शुक्रवारी सांग."
कंपनीचं नाव मी सांगत नाही, तशी सही केली आहे.

ती स्वतः काही विकत नाही.
विकणाऱ्यांना गल्ला देते, गल्ल्याचं कुलूप,
पावतीचा कागद, वजनकाटा,
आणि दुकानदार झोपला तरी उघडी राहणारी फळी.
महिना एकोणतीस पौंड.

"बाजारात कुणाचा माल खपला, कुणाचा नासला,"
फर्गस म्हणतो, "आपल्याला काय?
आपण जागेचं भाडं घेणारे."

वाढ बावीस टक्के. ढोबळ नफा एकाहत्तर.
एक गिऱ्हाईक आणायला तीनशे दहा पौंड,
ते पंधरा महिन्यांत फिटतात,
पुढचं सगळं साय.
आणि सोडून जाणारे? शंभरात चार.
या चारवरच फर्गसचा जीव जडलाय.
मापात पाप नसेल
तर असं माप मी आजवर पाहिलं नाही.

यादीतली वीस नावं काढली, उगाच नाही,
सवय आहे.
लीथची मेणबत्तीवाली. डंडीतला सायकलच्या साखळ्या विकणारा.
सतरावी: रूबी इस्बिस्टर, बेट अनस्ट, शेटलंड.
हाताने विणलेले हातमोजे.
अकरा वर्षं. एकही हप्ता चुकलेला नाही.

एक जोडी मागवली. छत्तीस पौंड.
पापणी लवायच्या आत उत्तर आलं:
आभारी आहोत, तुमचे हातमोजे निघाले आहेत.

बुधवारी मी फोन लावला.
उचलला मॅग्नस नावाच्या माणसाने, मागे मेंढ्या.
"मावशी गेली. या ऑक्टोबरात नाही, त्याच्या आधीच्या.
बँकेचं खातं आम्हा दोघांचं होतं,
त्यातून दर महिन्याला कुणीतरी एकोणतीस नेतं.
तीन पत्रं लिहिली.
उत्तर येतं: दुकान बंद करायचं असल्यास
मालकाने स्वतः लॉगिन करावं."

तो हसला. मग हसायचा थांबला.
"तुम्ही काही घेतलंत का तिच्याकडून?"

मी तक्त्याकडे पाहिलं.
रूबी इस्बिस्टर: टिकलेली.
तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

वीसांत एक म्हणजे काही पुरावा नव्हे,
एवढं मलाही कळतं.
आणखी साठ फोन केले. बावन्न जण बोलले.
कित्येकांचं दुकान धडाक्यात चाललेलं,
मेणबत्तीवाली तर म्हणाली,
हे नसतं तर मी अजून गारठ्यात टेबल मांडून उभी असते.
पाच जणांना आठवतच नव्हतं की आपलं दुकान आहे.
एकाने विचारलं, कसलं दुकान?

"विसरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात चिकट," फर्गस म्हणाला,
"आणि मेलेलं तर भांडतही नाही."
विनोद होता.
मी सोडून जाणाऱ्यांचा आकडा चारचा नऊ केला
आणि खालची सगळी बेरीज
ओल्या भिंतीसारखी खचू दिली.

शुक्रवारी लिहिलं: कंपनी चांगली आहे. भाव चांगला नाही.
तीसेक टक्क्यांनी उतरला तर घ्या.
आणि मेलेल्यांसाठी एक दार करायला सांगा,
बाहेर जायचं.
शेवटची ओळ फर्गसने खोडली.
मी पुन्हा लिहिली, लहान अक्षरांत.

एप्रिलमध्ये पाकीट आलं.
"ट्रंकेत ही एक जोडी निघाली. डावा जरा सैल आहे,
शेवटी तिला नीट दिसत नव्हतं.
छत्तीस पौंड कुठे गेले, मला माहीत नाही,
तुम्हाला सापडले तर कळवा. मॅग्नस."

बसची वाट पाहत मी ते घातले.
राखाडी, मनगटावर लाटांची नक्षी.
फोन थरथरला:
खरेदी कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.
दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.
लोकरीतून काही उमटेना.